हार्डकास्ट

बल्गेरियातल्या प्लॉव्हडिव शहरात, जादू आणि राक्षसांच्या खेळाचे पत्ते विकणाऱ्या दुकानात दोंचोकाका दर शनिवारी दुपारी खेळायला येतात. बायको गेल्यापासून एकही शनिवार चुकलेला नाही. समोर बसेल त्याच्यासाठी बानित्साचा, म्हणजे चीज भरलेल्या खुसखुशीत पोळीचा, एक तुकडाही आणतात.

त्यांच्याकडे ड्रॅगनचा एक भारी पत्ता आहे. बाकीचे खेळाडू असला पत्ता युक्तीने फुकटात उतरवतात. काका मात्र तासभर नुसता बचाव करत, ज्यांतून किंमत चुकवायची ते जमिनीचे पत्ते एकेक करून जमवतात आणि पूर्ण किंमत मोजूनच ड्रॅगन काढतात. दुकानातली पोरं अशा खेळण्याला ‘हार्डकास्ट’ म्हणतात आणि काकांसमोर बसायची पाळी आली की तोंड चुकवतात.

आज त्यांच्यातला यासेन सापडला. खेळ रेंगाळला तसा तो वैतागला.

“काय हो काका, अंडी उबवताय का ड्रॅगनची?” त्याने खिशातून एक पत्ता काढून पुढे केला. “हा युक्तीचा पत्ता घ्या, माझ्याकडून भेट. पुढच्या डावापासून ड्रॅगन तिसऱ्याच चालीला बाहेर! पाच मिनिटांत मला लोळवाल.”

काकांनी पत्ता उलटसुलट करून पाहिला आणि हळूच परत सरकवला.



“आणि मग पाच मिनिटांत तू उठून जाशील रे.”