एकविसावा दिवस

वीज गेली तेव्हा जावई सूर्याची बाजू मांडत होता.

सकाळचे अकरा वाजले होते. उबवणयंत्राचा पंखा घरघरत थांबला, काचेआडचा दिवा विझला. आत तीन हजार अंडी, आणि आज एकविसावा दिवस. कवचांना चिरा पडू लागल्या होत्या. कान लावला तर आतली चिवचिव ऐकू येत होती.

त्याआधी तासभर वादाला नुसता ऊत आला होता. जावई सोलर पॅनेल बसवणारा, सून अणुवीज केंद्रात नोकरीला. एका छपराखाली आले की दोघांना दुसरा विषय सुचायचा नाही. सून म्हणाली, तुमचा सूर्य म्हणजे कारकून, संध्याकाळ झाली की घरी, ढग आला की रजेवर. आमची भट्टी तीनशे तीनशे दिवस डोळ्याला डोळा लावत नाही. जावई म्हणाला, न लावू दे; पण तिची राख हजारो वर्षं राखायला कोण बसणार, तुमची नातवंडं? आणि ती भट्टी बांधून होईपर्यंत माझे केस पिकतील. पॅनेल महिन्यात बसतं.

दोघांची सासू, जिला सगळे अक्का म्हणत, पुढच्या खेपेची अंडी निवडत ऐकत होती. हा सगळा धंदा तिने उभा केलेला. भांडणारी माणसं तिला आवडत. मुकी माणसं काय कामाची?

वीज गेली तशी सुनेने खिडकीतून वर पाहिलं. छपरावर ऊन रणरणत होतं.

"भाऊजी, सूर्य तर ड्युटीवर दिसतोय."

जावयाचा चेहरा पडला. बाहेरची लाईन मेली की त्याने छपरावर बसवलेली पॅनेलंही आपोआप बंद पडत, नाहीतर त्यांची वीज उलटी तारेत जाऊन खांबावर चढलेला माणूस मरायचा. साठवायची बॅटरी पुढच्या वर्षी घेऊ, असं त्यानेच ठरवलं होतं. आणि जुना जनरेटर अडगळ म्हणून गेल्या महिन्यात विकला, तोही त्यानेच.

सुनेला हसू फुटलं, पण फोन लावल्यावर ते विरलं. तिचं केंद्र पूर्ण जोरात चालू होतं. पण कोपऱ्यावर क्रेनने तार तोडली होती. जोडायला पाऊण तास.

मग जन्मात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. पिल्लं गारठतील म्हणत दोघं धावले, कपाटातल्या रजया आणल्या, यंत्रावर पांघरल्या. जावयाने दाराची फटसुद्धा चिकटपट्टीने बुजवली.

अक्का उठली आणि तिने रजया ओढून खाली टाकल्या. पट्टी टराटरा फाडली. दार उघडून तिने एक अंडं उचललं, स्वतःच्या मिटलेल्या पापणीला लावलं आणि मग सुनेच्या पापणीला. सून दचकली. अंडं अंगाहून गरम होतं.

"पहिल्या दिवसाचं अंडं ऊब मागतं. एकविसाव्या दिवसाचं स्वतःच चूल असतं," अक्का म्हणाली. "तीन हजार चुली कोंडून पांघरूण घालताय. शिकलेली माणसं ना तुम्ही?"

तिने खिडक्या उघडल्या. खोक्यांची झाकणं फाडून एक जावयाच्या हातात दिलं, एक सुनेच्या.

"वारा घाला. एका तालात. आणि जावईबापू, तोंडाने नव्हे."

दोघं समोरासमोर उभे राहून वारा घालू लागले. घामाच्या धारा लागल्या, तरी तोंडं कुठली गप्प बसतात. पण वादाचा नूर बदलला होता. वहिनी, दिवसा पॅनेल आणि रात्री तुमचं केंद्र, असं चालेल? चालेल, पण मध्ये बॅटरी हवीच, भाऊजी, आणि ती आजच. शिवाय तो जनरेटर विकत घेणाऱ्याच्या पाया पडून परत आणा.

तेवढ्यात पुढच्या ट्रेमध्ये एक कवच उकललं. ओलं, काडीसारख्या मानेचं पिल्लू धडपडत बाहेर आलं. मग शेजारचं. मग चार एकदम. सून लहान मुलीसारखी मोजत सुटली आणि विसाच्या पुढे चुकली.

दिवा लागला. पंखा गुरगुरला.

"आली, आमची!" दोघं एकाच दमात म्हणाले, आणि झाकणं खाली आली.

अक्काने पंख्याकडे पाहिलं. त्याची पाती अजून एकेक मोजता येत होती.

"हात थांबवू नका," ती म्हणाली. "त्याने अजून वेग घेतलेला नाही."