जोडीची कात्री

डेंटिस्टने बजावलं होतं, "आणखी गोड मिळालं तर पुढचे दोन्ही दात काढावेच लागतील." तरी लॅबमधून परतल्यावर ती लेकीचं तोंड हुंगायची आणि चॉकलेटचा वास यायचाच. सासूबाई म्हणायच्या, "मी? छे गं!" सांभाळणाऱ्या मावशी तर थेट शपथच घ्यायच्या. तिने आठवडाभर सासूबाईंना नणंदेकडे धाडलं, वास तसाच. मग मावशींना सुट्टी दिली, तरी तसाच. दोघीही निर्दोष सुटल्या आणि संशयी म्हणून नाव मात्र तिचं झालं.

लॅबमध्ये तेव्हा जनुकं कापणारी नवी कात्री तयार होत होती. हजारो पेशींत एकेक जनुक बंद करून पाहिलं तरी आजारामागचे काही गुन्हेगार सापडतच नसत, कारण एक बंद पडलं की त्याचं जुळं भावंड गुपचूप त्याचं काम उरकायचं. नवी कात्री दोघांना एकदम बंद करायची. ती तपासता तपासता तिच्या मनात पाल चुकचुकली.

रविवारी तिने दोघींना एकत्र सिनेमाला पिटाळलं आणि, पेशींना कसला आलाय रविवार, म्हणत स्वतः लॅब गाठली. संध्याकाळी परतली, तर नवरा कधी नव्हे ते लेकीचे दात घासत होता.

"अगं, आज त्या दोघी नव्हत्या," तो चाचरला, "मग मलाच द्यावं लागलं ना!"

 

सोमवारी ती सरांना म्हणाली, "सर, दोन पुरत नाहीत. एका वेळी तीन बंद करणारी कात्री लागेल."