पाठीचं सोंग

“आई गं,” हमाल कण्हला, आणि फिजिओच्या कपाळावर आठ्या पडल्या. उताणं झोपून हनुवटी किंचित आत ओढायची, एवढंच तर करायचं होतं. हा व्यायाम म्हाताऱ्या बायका गप्पा मारता मारता करतात.

“कुठे दुखलं?”

“मानेत. कमरेतपण. सगळीकडेच, साहेब.”

“सगळीकडे,” फिजिओने वहीत लिहून घेतलं. “बरं. आता गुडघे दुमडा, कंबर वर उचला आणि दहा मोजेपर्यंत धरा.”

हे मात्र अवघड होतं. पाठ खरंच गेलेला माणूस इथे हमखास ओरडतो. हमालाने कंबर उचलली, दहा आकडे होईपर्यंत छताकडे बघत राहिला आणि चकार शब्द काढला नाही. सोप्याला कण्हायचं आणि अवघडाला गप्प बसायचं. सोंगच करायचं तर नीट तरी करावं की. फिजिओला हा आपल्या इतक्या वर्षांच्या अनुभवाचा चक्क अपमान वाटला.

गोदामात पाठीवर पोत्यांची थप्पी कोसळली तेव्हापासून हमाल सुट्टीवर होता. कंपनीने त्याला दहा दिवसांच्या व्यायामाला इथे पाठवलं होतं. दहाव्या दिवशी फिजिओने एका कागदावर दोनपैकी एका चौकोनात खूण करायची होती, कामाला योग्य किंवा अयोग्य. योग्य ठरला तर सोमवारपासून पुन्हा पोती. अयोग्य ठरला तर कामातून कायमचा मोकळा, घरबसल्या निम्मा पगार, फक्त कंपनीची खोली तेवढी सोडायची. बसून खायला कुणाला नको असतं, असं फिजिओचं ठाम मत होतं आणि भेटेल त्याला तो ते ऐकवायचा.

गोदामात फिजिओला ‘पकडू’ म्हणत. हे त्याच्या कानावर आलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. इथे येणारे दोनच प्रकारचे, तो सांगायचा, सोंग करणारे आणि लपवणारे. दोघंही त्याच्या हातून सुटत नसत. मागच्याच महिन्यात ह्याच गोदामातला एक ड्रायव्हर आला होता. मी ठणठणीत आहे, हे पटवायला तो फक्त नाचून दाखवायचा बाकी होता. फिजिओने दोन दिवसांत त्याच्या बधिर बोटांचा छडा लावला आणि अयोग्य लिहून हात झटकले. ड्रायव्हर टेबलासमोर ढसाढसा रडला, तरी ह्याने चहा संपवूनच मान वर केली.

हा हमाल मात्र पहिल्या प्रकारचा होता. पहिल्या दिवशी त्याच्या डोक्यावर नुसता तळवा टेकवला, तर हा कंबर धरून कळवळला. सहाव्या दिवशी फिजिओने त्याला झोपवून पाय सरळ वर उचलला. वीतभर उचलला नाही तोच ह्याने बोंब ठोकली. मग खुर्चीवर बसवून, गुडघा बघायचाय म्हणून सांगून, तोच पाय समोर सरळ केला. दुखणं खरं असेल तर दोन्हीकडे दुखायलाच हवं. हमाल हूं की चूं करीना. ओठ गच्च मिटलेले, चेहरा लालबुंद, कपाळावर घाम. चोरी पकडली गेल्याची लाज, दुसरं काय.

“आता नाही दुखलं?”

“गुडघ्याला काय झालंय, साहेब.”

“मला मूर्ख समजता का हो तुम्ही?”

“नाही, साहेब. तुम्हाला फसवणं कुणाला जमलंय.”

हमालाची बायको रोज त्याच्याबरोबर यायची आणि बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायची.

“तुम्ही कशाला खेटे घालता?” फिजिओने तिला एकदा विचारलं.

“एकट्याला सोडवत नाही.”

“खरंय. नाटकाला प्रेक्षक लागतोच.”

तिने खाली मान घातली. फिजिओचा तो सबंध दिवस मजेत गेला.

दहाव्या दिवशी फिजिओने पिण्याच्या पाण्याचा भरलेला मोठा जार मुद्दाम दाराच्या वाटेत आणून ठेवला. “चपला घालून घ्या, मी कागद घेऊन येतो,” म्हणाला आणि आतल्या खोलीच्या काचेआड उभा राहिला.

हमालाने इकडेतिकडे पाहिलं. मग वाकला, जार दोन्ही हातांनी उचलला आणि चार पावलं चालत जाऊन कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवला. तोंडातून आवाज नाही, कमरेला हात नाही.

“जड होता?” फिजिओने मागून विचारलं.

हमाल वळला नाही. टेबलाला धरून तसाच उभा राहिला. “चुकलं, साहेब.”

“चुकलंच. दहा दिवस माझं डोकं खाल्लंत.” फिजिओने ‘योग्य’च्या चौकोनात अशी खूण केली, की कागद फाटता फाटता राहिला. “सोमवारी सकाळच्या पाळीला हजर व्हायचं.”

“एकदा अजून बघा ना, साहेब. लई दुखतंय.”

“निघा.”

हमाल निघाला. फिजिओने हात धुतले, डबा घेतला आणि शीळ घालत जेवायला म्हणून जिना उतरू लागला. एक मजला उतरल्यावर खालून आवाज आला, तसा तो जागीच थांबला.

हमाल पायरीवर बसला होता, भिंतीला डोकं टेकून. सदरा घामाने पाठीला चिकटला होता. उजवा हात लुळा लोंबत होता आणि बायको त्याची बोटं एकेक करून चोळत होती. बोटं मिटत नव्हती.

“उठता येईल?”

“थांब जरा. पाय उचलत नाहीये.”

“घाई नाही. खोली राहिली आपली.” तिने पदराने त्याचं तोंड पुसलं. मग आवाज खाली आणून विचारलं, “त्याला सगळं खोटंच वाटलं ना?”

“पहिल्या दिवसापासून,” हमाल म्हणाला.