संपू दे एकदाची

लेकानं परदेशातून आणलेला प्रिंटर इथली शाई तोंडाला लावत नसे. तिकडचंच कार्ट्रिज लागे. शाई संपली की ते घेऊन लेक यायचा, चार दिवस राहायचा. यंदा त्याचा पत्ताच नव्हता.

म्हणून बाबा दुपारभर कागदामागून कागद नुसते काळेकुट्ट छापत बसले.

"अहो, शाई का नासताय?" आई म्हणाली.

"संपू दे एकदाची."

संध्याकाळी त्यांनी लेकाला फोन लावला. "शाई संपली रे."

"काळजी सोडा, बाबा! प्रिंटरच्या कंपनीनं इथूनच त्याचं सेटिंग बदललंय. आता तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातली शाई चालेल. माझ्यावाचून काही अडायचं नाही."

"कधी येतोय?" आईनं अधीरतेनं विचारलं.

बाबांनी काळ्या कागदांचा गठ्ठा कपाटामागे सारला. "कोपऱ्यावरचं दुकान उघडं असेल का गं?"