चौकातली गाडी

“एक चौक उभा करायचाय. सिग्नल, माणसं, येणारी-जाणारी वाहनं, सगळं हलतं. घरच्या घरी करता येईल असा कॉम्प्युटर द्या,” म्हातारा चित्रकार म्हणाला.

“कुठला चौक?” दुकानदाराने सहज विचारलं.

“पाण्याच्या टाकीजवळचा. माझी बायको तिथेच गेली. गाडीखाली.”

दुकानदाराच्या हातातलं खोकं काउंटरवर आपटलं.

“पोलिसांनी प्रकरण बंद केलं,” चित्रकार शांतपणे सांगत होता. “मी मात्र शेजारीच होतो. आयुष्यभर कार्टूनं हलवली, आता एवढं एक हलवीन. तोंडी सांगून कोणाला पटायचं नाही.”

“कोर्टात दाखवणार?”

“ज्याने पाहायला हवं, त्याने पाहिलं की झालं.”

दुकानदाराला त्या संध्याकाळी गाडी घेऊन घरी आलेली बायको आठवली. दातखीळ बसल्यागत झालं होतं तिला. “कोणीतरी समोर आलं... मी थांबले नाही हो,” एवढंच बोलली होती. दुकानाची ती गाडी त्याने परगावी विकून टाकली. तेव्हापासून ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. बेल वाजली तरी न्हाणीघरात जाऊन कडी लावून घ्यायची.

एरवी नुसते फोटो जोडणाऱ्यालाही तो महागडं ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारायचा. आज मात्र म्हणाला, “काका, उगाच खर्च कशाला? हे साधं मशीन तुम्हाला भरपूर झालं.”

मशीन इतकं मरतुकडं होतं, की त्यावर कार्टूनचं मांजरसुद्धा धड चाललं नसतं.

काही दिवसांनी चित्रकार ते रिक्षात घालून परत आला. “गाडी चौकात शिरली की चित्र अडकतं. दुसरीकडे दाखवलं. ते म्हणाले, यात ग्राफिक्स कार्डच नाही, मेमरीही तुटपुंजी. तुमच्यासारख्या जाणकाराकडून असं कसं झालं? आता नीट करून द्या.”

त्याची नजर दुकानदाराच्या चेहऱ्यावरून हलेना. आता नाही म्हणणं म्हणजे संशय ओढवून घेणं. दुकानदाराने स्क्रू काढले. दुकानातलं सगळ्यात दमदार कार्ड बसवलं, मेमरी वाढवली, मोठा पंखा लावला. आपल्याच हातांनी आपला फास वळल्यासारखं वाटत होतं.

घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, “थोडे दिवस माहेरी जातेस?”

तिने कपाटावरची बॅग खाली काढली.

ती निघायच्या आतच चित्रकार पेनड्राइव्ह घेऊन दुकानात हजर झाला. “झालं. लावा.”

दुकानदाराने लावला.

पडद्यावर चौक उमटला. फूटपाथवर म्हातारा-म्हातारी हातात हात घालून उभे. पांढरी गाडी आली, सावकाश, हिरव्या सिग्नलवर. म्हातारीने हात सोडवून घेतला आणि सरळ गाडीपुढे पाऊल टाकलं.

“दुखण्याला कंटाळली होती हो,” चित्रकार म्हणाला. “ब्रेक लावायलाही सवड मिळाली नाही. दोष कोणाचाच नव्हता.”

दुकानदाराने खुर्ची ओढून बसत चित्र पुन्हा पहिल्यापासून लावलं.

चित्रकाराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “उठा, घरी चला. हे तुमच्या मिसेससाठीच केलंय; तेव्हापासून त्या घराबाहेर पडल्या नाहीत, असं कानावर आलं. गाडीवर तुमच्या दुकानाचं नाव मी त्याच दिवशी वाचलं होतं.”