गुरुवारचं रेकॉर्डिंग

नुसत्या खाकरण्यावरून बाईंनी आवाज ओळखला. लॅपटॉपमधला माणूस अजून एक शब्दही बोलला नव्हता.

"आता ऐका हं," समोर बसलेली मुलगी उत्साहाने म्हणाली. "पाच वेळा आला आणि नुसता भिंतीकडे बघत बसला. सहाव्यांदा तोंड उघडलं एकदाचं."

ती केंद्रातली सगळ्यात नवी समुपदेशक. सगळे तिला धाकटी म्हणत. बाई केंद्राच्या नव्हत्या. दर गुरुवारी तासाभरासाठी बाहेरून येत. धाकटीने लोकांशी झालेली बोलणी त्यांना ऐकवायची आणि बाईंनी कुठे चुकलं, कुठे घाई झाली ते दाखवायचं, अशी या कामाची रीत. बोलणाऱ्याचं नाव-गाव सांगायचं नाही. बाईंच्या घरी कोण आहे, कोण नाही, याची धाकटीला काडीचीही कल्पना नव्हती.

"घरात आम्ही दोघंच," लॅपटॉप बोलू लागला. "आई आणि मी."

बाईंचा मुलगा दोन वर्षांपूर्वी एका सकाळी बॅग उचलून निघून गेला होता. भांडण नाही, तंटा नाही. फोन नंबरही बदलला. सहा महिन्यांतून कधीतरी मामाकडे 'बरा आहे' एवढा निरोप यायचा. तो का गेला, या एका प्रश्नाने बाईंना पोखरून काढलं होतं. जगाच्या गाठी सोडवणाऱ्या बाईंना घरातली एक गाठ सुटली नव्हती, आणि त्याची त्यांना लाजही वाटायची.

आता हात पुढे करून रेकॉर्डिंग बंद करायचं, बस्स. नियम त्यांच्याच तोंडचा होता. ओळखीचं माणूस निघालं की तिथल्या तिथे थांबायचं. 'जरा ऐकू, मग ठरवू' ही पळवाट चालायची नाही, असं त्या टेबल बडवून सांगत. मेहुणीची कहाणी शेवटपर्यंत ऐकत बसलेल्या एका भल्या गृहस्थाला त्यांनी मागच्याच वर्षी या कामातून घरी बसवलं होतं. बिचारा हातापाया पडला, पण बाई बधल्या नाहीत.

आणि आज त्यांचाच हात हलेना.

"आई चांगली आहे हो. तेच तर दुखणं आहे. दिवसभर परक्यांचं ऐकून यायची. मग मी काही बोललो की मान डोलवायची, अगदी समजूतदारपणे. मला वाटायचं, एकदा तरी चिडावं हिने. चार शब्द सुनावावेत."

"बघा ना, काय एकेकाच्या तक्रारी!" धाकटी हसली.

बाईंनी वहीत डोकं घातलं. वहीत एक अक्षर नव्हतं. ती मान डोलवायची सवय त्यांनी पंचवीस वर्षं घोटून घोटून अंगी बाणवली होती, लोक तिचं कौतुक करत. आणखी एकच मिनिट, त्या मनाशी म्हणाल्या. कुणाला कळणार आहे? धाकटीला तर नाहीच नाही.

लॅपटॉपमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पुन्हा तेच खाकरणं. "सांगतो. मी घर सोडलं ना, त्याच्या आदल्या दिवशी आई..."

बाईंनी लॅपटॉप खाडकन मिटला.

धाकटी दचकली. "अहो बाई, खरं तर पुढेच आहे!"

"माहीत आहे गं." बाईंचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "तो माझा मुलगा आहे."

लॅपटॉप उघडायला पुढे केलेला हात धाकटीने मागे घेतला.

"पहिल्याच क्षणी कळलं होतं. तरी तीन मिनिटं ऐकलं मी. आता या माणसापुरतं तुला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. केंद्रप्रमुखांना मी आत्ताच लिहून देते. आणि त्यालाही सांगायचं, लपवायचं नाही. ऐकणारी त्याची आई होती, आणि तिने लगेच थांबवलं नाही. तक्रार करायची असेल तर कर म्हणावं."

हे कळलं की तो इथूनही उठून जाणार, हे बाईंना दिसत होतं. दोन वर्षांत तो तोंड उघडून बोलला अशी ही एकच जागा, आणि तीही आईपायी जाणार. मग कदाचित मामाकडचा निरोपही बंद होईल. तरी त्यांनी कोरा कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि कोपऱ्यात तारीख घातली.

धाकटी मिटलेल्या लॅपटॉपकडे बघत होती.

"बाई," ती हळूच म्हणाली, "रेकॉर्डिंगला तो दर वेळी नाहीच म्हणायचा. या वेळी त्याने विचारलं, हे ऐकतं कोण? मी तुमचं नाव सांगितलं. त्याने ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, 'करा सुरू.'"