तिसरा गडी

तो जुना व्हिडिओ गेम दोघांपुरताच बनवलेला होता. तळेगावच्या मकसूदनं घरीच सर्किट जोडून त्याला तिसऱ्या गड्याची सोय केली. रविवारी दुपारी तो आणि त्याची बायको रुमाईसा खेळायला बसले. तिसरा रिमोट अजून लावलाच नव्हता.

तरी पडद्यावर तिसरा गडी चालू लागला.

“हा कोण खेळतोय?” रुमाईसानं विचारलं.

“कोणी नाही गं. जोड मोकळा आहे, म्हणून सिग्नल भरकटतोय. रिमोट लावला की थांबेल.”

त्यानं रिमोट लावला. गडी खरंच थांबला.

“बघ, म्हटलं होतं ना?” मकसूदनं रिमोट हातात घेऊन डावीकडचं बटण दाबलं.

गडी उजवीकडे निघाला.

मकसूदनं खाली पाहिलं. उजवीकडचं बटण आत दाबलं गेलं होतं. त्यावर त्याचं बोट नव्हतं.